तीन आठवडे, चार कादंबऱ्या

मंगळवार, ४ मार्च

काल हिच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा बारा वर्षांपूर्वीच गेला आहे. म्हणजे जे काही उरले आहे ते या एका डोळ्यात. आतला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवून त्याला आधार म्हणून आत वायूचा बुडबुडा भरला आहे. त्या बुडबुड्याने आपले काम करावे यासाठी रुग्णाने तीन आठवडे तोंड खाली करून राहायचे. झोपताना पालथे, बसताना मान खाली, जेवतानाही तसेच. रुग्णालयाने एक खाट दिली आहे. तिच्या डोक्याकडच्या बाजूस चेहरा मावेल एवढे गोल भोक असून भोवती मऊ गादी आहे. ही त्यात तोंड घालून पडते आणि तिचा आवाज जमिनीकडून येतो.

"आयुष्यभर म्हणत आलात ना, बाईनं मान खाली घालून राहावं," ही भोकातून म्हणाली. "घ्या. राहिले."

मी असे कधी म्हटल्याचे मला स्मरत नाही.

दुपारी मी तिला ग्रंथातले दोन अध्याय ऐकवण्याची तयारी दाखवली. ती म्हणाली, "ते तुम्ही रोज म्हणता, भिंतीतूनसुद्धा ऐकू येतं. मला गोष्टी वाचून दाखवा. कादंबऱ्या. नाहीतर मला तीन आठवडे ह्या फरशीच्या भेगा मोजायला लागतील."

धर्मग्रंथ छापणाऱ्या छापखान्यात मी एकेचाळीस वर्षे मुद्रिते तपासली. कादंबरी नावाचा प्रकार मी हाती घेतलेला नाही. जे घडले नाही ते घडले म्हणून सांगणे, यासाठी माझ्याजवळ एकच शब्द आहे आणि तो प्रशंसेचा नाही. हे मत घरात सर्वांना ठाऊक आहे. आमच्या लेकीला तर फारच. अकरा वर्षांपूर्वी ती छापखान्यातली मी लावून दिलेली नोकरी सोडून दूरच्या शहरी लिहिण्यासाठी गेली. चार वर्षांपूर्वी तिची कादंबरी निघाली. तीत एक बाप आहे असे लोकांकडून कळले. तिने टपालाने प्रत पाठवली. मी पुडके न उघडता परत केले आणि ते कधीही वाचणार नाही अशी प्रतिज्ञा केली. तेव्हापासून ती या घरी आलेली नाही.

आज सकाळी तिचा आईला फोन आला होता. हिने विचारले, "येतेस का गं ठकी? तुझा चेहरा दिसेल तोवर पाहून घेते." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, हिने नंतर सांगितले. अट जुनीच आहे. "बाबांनी पुस्तक वाचलं की येते. आवडायला नको. फक्त वाचायला हवं."

प्रतिज्ञा ही प्रतिज्ञा असते.

मात्र आजाऱ्याची सेवा ही प्रार्थनेहूनही वरची, असे वडिलांनी शिकवले आहे. तेव्हा उद्यापासून ग्रंथालयातून आणलेल्या कादंबऱ्या मी वाचून दाखवीन. सेवा करताना मत बाजूला ठेवावे लागते. ते या वहीत नोंदवण्यास हरकत नसावी.

शनिवार, ८ मार्च

पहिली कादंबरी संपली.

दोन बहिणींना वडिलांचे शिवणाचे दुकान वारशाने मिळते. एकाच टेबलाशी बसून थोरली कापते, धाकटी शिवते आणि नऊ वर्षे दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मापे खडूने कापडावर लिहून पुढे सरकवतात. लेखकाला हवामानाचे फार वेड आहे. पहिल्या चाळीस पानांत आकाशाचे वर्णन सात वेळा येते आणि आकाश मात्र तेच. हे मुद्रित माझ्यापुढे आले असते तर समासात सहा वेळा काट मारली असती.

माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. आपण चुकलो हे थोरलीला तिसऱ्याच प्रकरणात उमगते. तरीही ती ते सांगत नाही, आणि त्या एका वाक्यासाठी वाचकाला दोनशे ऐंशी पाने चालावे लागते. मी हिला म्हणालो, "असे कोणी वागते का? एक वाक्य बोलायला माणसाला नऊ वर्षे लागतात का?"

ही म्हणाली, "पाणी द्या." मी नळीने पाणी पाजले.

शेवटी थोरली धाकटीच्या मापाचा कोट कापून ठेवते, न विचारता, न मोजता, आणि तो बरोबर बसतो. हे पान मी दोनदा वाचले. त्या वेळी खोलीत उजेड कमी होता, त्यामुळे पहिल्यांदा नीट लागले नाही.

सोमवार, १० मार्च

दुसरी कादंबरी खुनाची. घड्याळजीचा खून होतो आणि दुकानातली सगळी घड्याळे वेगवेगळ्या वेळा दाखवीत असतात. साठाव्या पानावर मी निर्णय दिला की खुनी वैद्य आहे, कारण तो फार गोड बोलतो. ही म्हणाली, "बघा हं, शब्द मागे घ्याल." मी घेणार नव्हतो. खुनी निघाली दूधवाली, जिचा उल्लेख तोवर केवळ दोनदा आला होता.

ही शुद्ध लबाडी आहे. ज्याचा न्याय वाचकाने करायचा त्याला लेखकाने वाचकापुढे नीट उभे तरी करावे! मी सकाळी न्याहारी करतानाही हा मुद्दा मांडत होतो. ही हसू लागली ती थांबेना. रोज सकाळी डोळ्यात औषध घालायला येणारी परिचारिका आजही आली होती. ती कडाडली, "आजोबा, आजींना हसवू नका! बुडबुडा हलला तर डॉक्टर मला धरतील."

"मी हसवीत नाही," मी म्हणालो. "मी तक्रार करतो आहे."

"तेच ते," परिचारिका म्हणाली.

शुक्रवार, १४ मार्च

आज माझ्याकडून एक अपराध घडला आणि त्याचे प्रायश्चित्तही झाले.

तिसरी कादंबरी एका उतारवयीन विधुराची आहे. तो नदीवरच्या उघडझाप करणाऱ्या पुलाचा राखणदार असतो. रोज संध्याकाळी एक बाई त्याला तीच वाट विचारते आणि तो रोज तीच सांगतो. इथपर्यंत सर्व सभ्य होते. आठव्या प्रकरणात ती बाई वाट न विचारता त्याच्या खोलीत येते. पुढचा मजकूर माझ्या डोळ्यांनी माझ्या जिभेच्या आधी पाहिला. मी दोन पाने एकदम उलटली आणि "दुसऱ्या दिवशी सकाळी पूल उघडला" येथून वाचू लागलो.

"मधलं कुठं गेलं?" भोकातून आवाज आला.

"मधले काय?"

"अहो, हे पुस्तक मी तीनदा वाचलंय. तिनं दिवा मालवला, मग त्यानं तिच्या केसांतल्या पिना एकेक करून मोजल्या. अकरा होत्या. पिना कुठं गेल्या?"

मी म्हणालो की तो भाग अनावश्यक वाटला.

तेव्हा हिने माझाच दंड माझ्यावर उगारला. पठणात एक अक्षर जरी सुटले तरी अध्याय पहिल्यापासून म्हणावा, ही शिस्त मला गुरूंनी लावली आणि मी साठ वर्षे पाळली. लेकीकडूनही लहानपणी पाळून घेतली. "तुमचा नियम आहे ना," ही म्हणाली, "की तो फक्त देवाच्या पुस्तकांना लागू आहे आणि माणसांच्या पुस्तकांत वाटेल ते गाळावं?"

मी आठवे प्रकरण आरंभापासून वाचले. नवव्या पिनेशी आलो असता दार वाजले आणि परिचारिका आत आली. मधे थांबणेही नियमात बसत नाही, म्हणून मी वाचत राहिलो. अकरावी पीन झाल्यावर परिचारिका म्हणाली, "आजोबा, उद्यापासून मी पंधरा मिनिटं लवकर येते."

माझे मत: हे प्रकरण अश्लील नाही. त्यात एक म्हातारा माणूस सावकाश मोजतो आहे, एवढेच आहे. मला ते तसे वाटले नव्हते, कारण मी ते वाचलेच नव्हते.

सोमवार, १७ मार्च

डॉक्टरांनी तपासले. पडदा जागेवर धरला आहे. आणखी आठवडाभर मान खाली. पुढे दृष्टी हळूहळू येईल. परमेश्वराचे उपकार. ही रिक्षातही मान खाली घालूनच परत आली आणि म्हणाली, "सगळ्या शहरातले जोडे बघून झाले."

पिशवीतली पुस्तके संपली होती. मी ग्रंथालयात निघालो तेव्हा ही म्हणाली, "थांबा, एक आहे घरात." तिने परिचारिकेला कपाटातले पुस्तक काढायला सांगितले. त्याला तपकिरी कागदाचे वेष्टन घातले आहे आणि आरंभीची दोन पाने निघालेली आहेत, त्यामुळे नाव कळत नाही. परिचारिका म्हणाली, "जपून हं आजोबा, स्वेटरच्या घडीत ठेवलं होतं आजींनी." हिला पुस्तकांना वाळवी लागण्याची फार भीती वाटते.

बुधवार, १९ मार्च

चौथ्या कादंबरीविषयी आजवरच्या वाचनावरून काही नोंदी.

लेखक नवखा आहे. दुसरे प्रकरण लांबले आहे. परंतु आकाशाचे वर्णन एकदाच येते आणि तेही कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढण्यापुरते. ही संयमाची खूण म्हणावी लागेल.

कथा एका न्यायालयातल्या नकलनविसाची आणि त्याच्या मुलीची आहे. दस्तऐवजांच्या नकला बिनचूक करणारा, ओळीखाली पट्टी धरून वाचणारा, सकाळी चष्मा पिण्याच्या पाण्याने धुणारा असा हा गृहस्थ. (पट्टी मीही धरतो. ती उत्तम सवय आहे, लेखकाने तिची थट्टा करायला नको होती.) नियमांचे पालन म्हणजेच प्रेम, अशी त्याची समजूत आहे. मुलगी शाळेत पहिली आल्याचे सांगते तेव्हा तो गुणपत्रिकेतली तारखेची चूक दाखवतो.

मी हिला म्हणालो, "असली माणसे असतात. आमच्या छापखान्यातले मोठे शास्त्री अगदी असेच होते. त्यांच्या मुलांचे काय झाले असेल कोण जाणे."

हिचे खांदे हलू लागले. मला वाटले पुन्हा हसते आहे, आणि बुडबुड्याची आठवण दिली. पण ती हसत नव्हती. "पुढं वाचा," म्हणाली.

मला त्या नकलनविसाची कीव येते. तो वाईट नाही. त्याला कोणीतरी वेळीच सांगायला हवे होते.

शुक्रवार, २१ मार्च

आज दुपारी बारावे प्रकरण वाचत होतो. नकलनवीस संध्याकाळी घरी काम आणतो. त्याची सात वर्षांची मुलगी मूळ कागद मोठ्याने वाचते आणि तो नक्कल ताडून पाहतो. विरामचिन्हेही उच्चारायची, हा त्यांचा शिरस्ता. "सदर इसम स्वल्पविराम वय चाळीस स्वल्पविराम." रात्री झोपण्यापूर्वी मुलगी हात जोडते आणि म्हणते, "देवा, सगळ्यांना सुखी ठेव, पूर्णविराम."

पुढची ओळ मला दिसली नाही.

आमच्या घरी टेबलाच्या त्या बाजूला उंच स्टुलावर बसून ठकी मूळ प्रत वाचायची. तिचे पाय जमिनीला लागत नसत. आणि निजण्यापूर्वी ती हीच प्रार्थना याच शब्दांत म्हणायची. हे जगात तीनच माणसांना ठाऊक आहे. त्यांपैकी एक ऐकत होते, एक वाचत होते.

मी थांबलो असेन. भोकातून हळू आवाज आला, "अक्षर लागत नाही का?"

"लागते," मी म्हणालो, आणि वाचू लागलो. हिला माझा चेहरा दिसत नव्हता याबद्दल मी आज प्रथमच त्या खाटेचे आभार मानले. पाच दिवस मी स्वतःची कीव करीत होतो आणि शास्त्रीबुवांना नावे ठेवीत होतो.

बारावे प्रकरण संपवून तेरावेही वाचले. त्यात मुलगी घर सोडते. गाडी सुटायच्या वेळी तिला फलाटावरच्या वर्तमानपत्रांच्या दुकानामागे बाप उभा दिसतो. त्याच्या हातात तिचा विसरलेला मफलर असतो. तो पुढे येत नाही. ती हाक मारत नाही. गाडी निघते, आणि तो मफलर स्वतःच्या गळ्यात घालून घरी जातो.

हे पान वाचून झाल्यावर ही म्हणाली, "या एका पानावर मी तुम्हाला माफ केलं हो. चार वर्षांपूर्वीच. तिच्या पाठोपाठ तुम्ही बाहेर पडलात ते मी पाहिलं होतं. पण स्टेशनावर गेला होतात, हे मला या पुस्तकानं सांगितलं."

म्हणजे पुस्तक कोणाचे हे मला कळल्याचे तिला कळले होते.

मी त्या दिवशी स्टेशनावर गेलो नव्हतो. मी छापखान्यात गेलो. सुट्टी होती, कुलूप होते. पहारेकऱ्याकडून उघडून घेतले आणि दोन वाजेपर्यंत माझ्या टेबलाशी बसलो. तपासायला एकही मुद्रित नव्हते.

हे मी हिला सांगितले नाही.

शनिवार, २२ मार्च

सकाळच्या पठणात तीन वेळा चुकलो आणि तीन वेळा पहिल्यापासून आरंभ केला. चौथ्या वेळी ग्रंथ मिटला. असत्य लिहिते म्हणून ज्या लेकीचे पुस्तक मी परत पाठवले, तिच्याच असत्याच्या आडोशाला मी कालपासून बसलो होतो. आणि ते असत्य तिने माझ्या बाजूने रचले होते.

नऊ वाजता मी खाटेशेजारी बसून हिला सर्व सांगितले. पहारेकऱ्याचेही सांगितले.

मी वाकून तिच्या तोंडाशी पाहिले. डोळा मिटलेला होता.

"म्हणजे माझ्या लेकीनं तुमच्याबद्दल जे वाईट लिहिलं ते सगळं खरं," ती म्हणाली, "आणि चांगलं तेवढं खोटं."

"होय."

"तिनं गाडी सुटेपर्यंत वाट पाहिली असेल."

"होय."

"मला पाठ करून झोपता येत नाही म्हणून, नाहीतर आज मी तुमच्याकडे पाठ केली असती." मग थोड्या वेळाने, "फोन मी करणार नाही. तुम्ही करा. आत्ता."

प्रतिज्ञा करणे मला नेहमी सोपे गेले आहे. तो दूरध्वनी उचलणे गेले नाही.

"हॅलो? आई बरी आहे ना?" ठकी घाईने म्हणाली. या घरून मी कधी फोन करीत नाही.

"बरी आहे. मी तुझे पुस्तक वाचले."

"आईनं फसवून वाचायला लावलं?"

"आरंभी तसे. नंतर मी समजून वाचले. एक प्रकरण बाकी आहे."

"मग वाचलं नाही अजून."

"ते तू समोर असताना वाचावे असे मनात आहे." मग मी तयार केलेली वाक्ये विसरलो आणि म्हणालो, "दुसरे प्रकरण लांबले आहे. आणि पृष्ठ एकशे अठ्ठ्याऐंशीवर चूक आहे. मी स्टेशनावर आलो नव्हतो."

"मला माहीत आहे, बाबा."

"तुला कसे…"

"मी दारात उभी होते. गाडी सुटून फलाट संपेपर्यंत."

"मग तसे का लिहिलेस?"

ती हसली की तिने श्वास घेतला, कळले नाही. "न आलेला बाप लिहून पाहिला. तीनदा फाडला. तो लिहिला की पुढची पानं नुसती रागानं भरायची, गोष्ट पुढं जाईना. आलेला लिहिला तेव्हा कुठं पुस्तक पुरं झालं."

मी म्हणालो, "मी यायला हवे होते." हे वाक्य लहान आहे. शिवणाच्या दुकानातल्या थोरलीला मी काय काय बोललो होतो!

ठकी म्हणाली, "सकाळची गाडी आहे एक."

रविवार, २३ मार्च

मी स्टेशनावर जायचे ठरवले होते. गाडी अकराची, मी आठला जोडे घालायला घेतले. साडेआठला दारात ठकी उभी. आदल्या संध्याकाळच्याच गाडीने निघाली होती. माझ्या एकाच पायात जोडा होता.

"कुठं निघालात?"

"तुला आणायला."

"अजून अडीच तास होते की!"

"उशीर होऊ नये म्हणून," मी म्हणालो. तिने माझा दुसरा जोडा उचलून कोपऱ्यात ठेवला आणि ती आत गेली.

हिला मान वर करण्याची मुभा नाही. ठकीने पिशवी टाकली आणि सरळ खाटेखाली जमिनीवर उताणी झोपली, त्या भोकाच्या बरोबर खाली, आईच्या तोंडाशी तोंड आणून. दोघींचे काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. मी दाराशी उभा होतो. फक्त एवढे कानी आले, "अगदी जवळ आलीस की दिसतेस गं. केस पिकले की तुझे," आणि ठकीचे, "आई, माझ्या डोळ्यात पडतंय तुझं पाणी." औषध घालायला आलेल्या परिचारिकेने हे दृश्य पाहिले. तीही खाली वाकून म्हणाली, "लेखिकाबाई, बुडबुडा हलवू नका."

दुपारी मी शेवटचे प्रकरण वाचले. ठकी जमिनीवरच होती, उशी घेऊन. ओळीखाली पट्टी धरली नाही. हाताला ती सापडलीच नाही. एकही शब्द गाळला नाही. दोन ठिकाणी थांबावे लागले. दोन्ही वेळा दोघींपैकी कोणीही मला कारण विचारले नाही.

पुस्तक मिटल्यावर ठकीने छताकडे पाहत विचारले, "मग? काय मत?"

तीन कादंबऱ्यांवर मी या वहीत ऐटीत न्याय दिले. लेखिका दीड हातावर पडलेली असताना न्याय देणे ही निराळी गोष्ट आहे. तरी मी खोटे बोलू शकलो नाही. "भाषा स्वच्छ आहे," मी म्हणालो. "मुलीचे काम उत्तम. बापाला तू दिलेस त्याहून कमी द्यायला हवे होतेस. आणि शेवट घाईत उरकला आहेस. दोन पानांत सगळे मिटत नाही."

मला वाटले ती दुखावेल. ती कोपरावर उठून बसली आणि तिने पुस्तक माझ्या हातातून घेतले.

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "चार दिवस थांबते. सांगा, कसा हवा होता शेवट."

"चार दिवसांत यांचं काय होतंय," ही भोकातून म्हणाली. "महिनाभर थांब."